भगवानरावांचं ‘बघू’ आणि आमचं गुलाबी शीड

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सध्या आमच्या कडा गावात ‘अंगद सरांनी भगवानरावांना बुडताना वाचवलं’ असं बोललं जातंय. परवा शाळेत त्याबद्दल माझा सत्कारही झाला. शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्द बोललो. पण खरं काय घडलं ते पोटात राहिलंय, आणि पोटात काही ठेवायची मला सवय नाही.

तर झालं असं, की आष्टीच्या भगवानरावांचा एकसष्टावा वाढदिवस आला. भगवानराव म्हणजे ऐंशी एकर जमीन, मागंपुढं पाचसहा कार्यकर्ते, आणि तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेतला सोफा. दरवर्षी वाढदिवसाला ते बैलगाड्यांची शर्यत ठेवतात. यंदा मुंबईला कसल्याशा बैठकीला गेले होते, तिथं हॉटेलच्या खिडकीतून त्यांना समुद्रात शिडाच्या नावांची शर्यत दिसली. “लई बेस खेळ हाय,” ते परत येऊन म्हणाले. “धूळ न्हाई, चाबूक न्हाई, कोर्टाची नोटीस न्हाई.” त्यात गावाच्या वरच्या अंगाचा आमचा तलाव सहा वर्षांनी पहिल्यांदा काठोकाठ भरला होता. आमच्या भागात पाणी दिसलं की माणूस गोंधळतो. त्याचं काय करावं हे ठाऊकच नसतं. त्यामुळं शर्यतीची कल्पना कुणालाच वेडगळ वाटली नाही.

तीन नावा ठरल्या. एक भगवानरावांची, पुण्याहून तयार आणलेली, पांढरीशुभ्र. दुसरी अंबाजोगाईच्या डॉक्टरमंडळींची. तिसरी कड्याची पाहिजे, पण कड्यात नाव कुणी चालवायची? मंडप-स्पीकरवाला तानाजी माझा जुना मित्र. तो चहाच्या हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाला, “आपले सर हायेत की. सत्तावीस वर्षं झाली, भूगोलात वारंच शिकवतेत.”

वारा शिकवणं वेगळं आणि वाऱ्यात बसणं वेगळं, हे मी दोनदा सांगितलं. तोवर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तरी मी नाही म्हणणार होतो. पण मधे संस्कृती होती.

संस्कृती माझी मुलगी. अंबाजोगाईला कॉलेजात असताना तिचं आणि भगवानरावांच्या सुरजचं जमलं. दोघांनी आधी ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. आजकाल कळवतात हेच पुष्कळ. आमचा होकार होता. मुलगा कृषी खात्यात, सुपारीचंही व्यसन नाही, आणि आमच्याकडं आला तेव्हा चहाची कपबशी त्यानं स्वतः नेऊन मोरीत ठेवली. सत्यशीला, म्हणजे आमची मंडळी, तिथंच विरघळली. अडलं होतं ते भगवानरावांपाशी. ते नाही म्हणाले नव्हते. हो पण म्हणाले नव्हते. ते ‘बघू’ म्हणाले होते.

पुढारी माणसाचं ‘बघू’ साधं नसतं. त्यांच्या एका ‘बघू’वर आमच्या ओढ्यावरचा पूल नऊ वर्षं उभा राहायचा राहिलाय. माझी मुलगी त्या यादीत चार महिने होती. मी विचारायला गेलो की ते प्रेमानं बसवायचे, चहा पाजायचे, “सर, तब्येत काय म्हनते?” म्हणायचे आणि गाडीपर्यंत सोडायला यायचे. घरी आलो की सत्यशीला दारातच उभी.

“काय म्हनले?”

“बघू म्हणाले.”

“ते न्हाई. तुमाला काय म्हनले?”

“सर म्हणाले.”

“अजून सरच का?” एवढं बोलून ती आत निघून जायची.

तिचा हिशेब सरळ होता. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला चारचौघांत एकदा ‘व्याही’ म्हटलं की आमच्याकडं सोयरीक पक्की. मग साखरपुडा, पत्रिका, बस्ता हे सगळं आपोआप मागून येतं. तो शब्द एकदा तोंडातून गेला की माघारी घेता येत नाही. घेतला तर भावकी जेवायला येत नाही. भगवानरावांना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, म्हणून गडी ‘सर’च्या पुढं तसूभर सरकत नव्हता. अशा माणसाच्या वाढदिवसाला नाही कसं म्हणायचं? मी कप्तान झालो.

नाव बांधायचं काम अजिनाथनं अंगावर घेतलं. अजिनाथ साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. त्यानं जन्मभर नळ जोडले, पण ते पाणी आत राहावं म्हणून. पाणी बाहेर राहावं असं काही करायचा हा त्याचा पहिलाच प्रसंग. त्यानं प्लास्टिकची सहा निळी पिंपं घेतली, लोखंडी अँगलात बसवली, वर फळ्या ठोकल्या. आठ दिवस माझ्या अंगणात वेल्डिंग चाललं होतं. शेजारच्या जानकीबाई रोज येऊन बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांना ती पाण्याची टाकी ठेवायचा स्टँड वाटली, तिसऱ्या दिवशी उसाची ट्रॉली. नाव आहे म्हटल्यावर त्या पिंपांभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, “सर, पेन्शन बसायला अजून किती वर्षं हायेत तुमाला?”

शीड तानाजीचं, आणि डोलकाठीच्या जागी मांडवाचा खांबही त्याचाच. मंडपाच्या छताचं गुलाबी कापड, कडेला सोनेरी झालर. झालर कापूया म्हटलं तर तो अंगावर आला. पुढच्या महिन्यात त्याच्याकडं चार लग्नं होती. पण कापडातून वारा आरपार जायचा, म्हणून आतून त्यानं ताडपत्रीचं अस्तर लावलं. बाहेरून बघावं तर लग्न आणि आतून बघावं तर ऊसतोड टोळीचं पाल, असं ते शीड तयार झालं.

मग परवानगी. तालुक्यातल्या एका हापिसात अर्ज करावा लागला. कुठलं हापीस ते सांगत नाही, माझं तिथं अजून काम पडायचंय. साहेबांनी फॉर्म कंप्युटरवर भरायला घेतला आणि तिसऱ्याच रकान्यावर थांबले.

“इंजिन नंबर?”

“इंजिन नाही साहेब. वाऱ्यावर चालते.”

“ते खरंय सर, पन रकाना मोकळा सोडला तर ह्ये पुढं जात न्हाई. कायतरी नंबर द्या.”

शेवटी अजिनाथच्या मोटारसायकलचा नंबर दिला. पुढचा रकाना इंधनाचा. त्यात पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी एवढेच पर्याय होते. आमची नाव आजही सरकारदरबारी शंभर सीसीची, पेट्रोलवर चालणारी आहे. तिचं पीयूसी काढा म्हणून मला दोनदा मेसेज येऊन गेलाय.

पहिल्या सरावाला आम्ही तलावावर गेलो आणि नाव जागच्या जागी फिरायला लागली. मी सगळ्यांना काठावर बसवलं, पिंपावर खडूनं बाण काढले आणि वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर नाव तिरकी तिरकी कशी न्यावी लागते, हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. तानाजीला डुलकी लागली. तिथंच हरिबा मेंढरं चारत होता. साठीपुढचा माणूस, डोक्यावर घोंगडी, हातात काठी. तो थोडा वेळ ऐकत राहिला.

“मेंढरं टेकडावर सरळ चढतेत का, सर?” तो म्हणाला. “वाकडी-वाकडी चढतेत. वाऱ्यावर बी तसंच चढा.”

अजिनाथ म्हणाला, “आत्ता कळलं!” माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एवढा अपमान कधी झाला नव्हता. पण हरिबाला मी संघात घेतलं, कारण तो गाल वर करायचा आणि वारा कुठून येणार ते आधीच सांगायचा. घोंगडी बरोबर येईल, एवढी एकच त्याची अट होती.

आता खरा प्रश्न आला. शर्यतीत करायचं काय?

“हरायचं,” सत्यशीला म्हणाली. “पन लाज जाईल असं न्हाई. मानानं हरायचं.”

“पोरीच्या बापानं जिंकल्यालं कुटं ऐकलंय का?” हे कुंपणापलीकडून जानकीबाई.

“हरायला काय लागतंय, सर,” तानाजी म्हणाला. “आपल्याला तेवढंच येतंय.”

फक्त हरिबा मान हलवत होता. “वाऱ्याशी खोटं वागाया मला जमायचं न्हाई. तुमी उलटं सांगत ऱ्हावा, मी काय ऐकनार न्हाई.”

संस्कृती तेवढी काळजीत होती. “पप्पा, तुम्ही हरा नाहीतर जिंका,” ती म्हणाली, “पण आधी पोहायला शिका ना.” मग हळूच म्हणाली, “आणि ह्या वेळेस तरी ते काहीतरी बोलतील का हो?” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिच्याकडं बघवेना. चार महिन्यांत पोरीनं एकदाही तोंडानं विचारलं नव्हतं.

वाढदिवस उजाडला. काठावर जत्रा भरली होती. शर्यत अकराची होती, पण सत्कार आणि भाषणं संपायला दोन वाजले. मधे त्या हापिसातले साहेब आले, त्यांनी आम्हा सगळ्यांना नारंगी जाकिटं घातली, फोटो काढले आणि जाकिटं परत घेऊन गेले. ती स्टॉकला जमा करायची होती. भगवानरावांनी तर फोटोपुरतंही घातलं नाही, पांढरा कुर्ता झाकला जातो म्हणून. त्यांनी कानाला मात्र गाणाऱ्यासारखा माईक अडकवला होता. नावेतून ते स्वतः शर्यतीचं वर्णन करणार होते. स्पीकर तानाजीचे. चार कर्णे त्यानं चारी काठांवर बांधले होते, म्हणजे भगवानराव नुसते खाकरले तरी अख्ख्या तलावाला कळत होतं.

मार्ग सोपा होता. बांधापासून निघायचं, मधल्या झेंड्याला वळसा घालायचा आणि मंडपासमोर दोन बांबूंना बांधलेल्या दोरीखालून जायचं. लोकांना शेवट नीट दिसावा म्हणून दोरी काठाजवळच बांधली होती. शिट्टी वाजली. डॉक्टरमंडळी ऐटीत सगळ्यात पुढं गेली आणि पाण्यात अर्ध्या बुडालेल्या एका बाभळीत जाऊन घुसली. बाकीची शर्यत त्यांनी तिथूनच पाहिली. तिघांना काटे लागले, पण तिघांपाशीही उपचाराचं शिक्षण होतं.

राहिलो आम्ही दोघं. भगवानरावांची नाव झपाट्यानं पुढं निघाली. सुकाणूवर सुरज, मधे भगवानराव आणि भोवती पाच कार्यकर्ते. “बंधूंनो, आपन आगाडीवर हाओत!” कर्ण्यांतून आवाज आला. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. मी समाधानानं हरिबाला म्हणालो, “डावीकडं घ्या.” हरिबानं उजवीकडं घेतलं. गुलाबी शीड टम्म फुगलं आणि आम्ही निघालो ते असे निघालो की माझी टोपी मागं राहिली.

शिडाच्या नावेला ब्रेक नसतो. हा मोठाच दोष आहे, आणि माझ्या पुस्तकात त्याचा कुठंही उल्लेख नाही. “हळू!” मी ओरडलो. तानाजीनं दोन्ही पाय पाण्यात सोडले. अजिनाथनं दोरीला बादली बांधून मागं टाकली, तर बादलीची कडीच त्याच्या हातात राहिली. हरिबा आपला गाल वर करून बसला होता आणि चेहऱ्यावर असं सुख, जसं काही मेंढरं हिरव्या रानात घातलीत. झेंड्याला वळसा घालताना आम्ही भगवानरावांच्या पाठीला लागलो होतो. काठावरून शिट्ट्या सुरू झाल्या. मला मंडपात सत्यशीला दिसली. ती कपाळाला हात लावून उभी होती.

दोरी वीस-पंचवीस फुटांवर आली आणि भगवानरावांची नाव एकदम ढिली पडली. बघतो तर सुरजनं शिडाची दोरी सोडून दिली होती. त्यानं माझ्याकडं बघून हळूच हात जोडले.

“काका, तुमी व्हा पुढं.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा शहाणा पोरगा होणाऱ्या सासऱ्याला जिंकवायला निघाला होता! मी घाईघाईनं आमचंही शीड सोडायला लावलं.

“छे छे, सुरज, तुम्ही आधी.”

“असं कसं, काका. तुमी मोठे.”

“अहो पण वाढदिवस तुमच्याकडचा.”

लग्नघराच्या दारात चालतं तसं आमचं ते पाण्यात सुरू झालं. दोन्ही नावा शेजारी शेजारी थांबलेल्या, दोन्ही शिडं लोंबतायत आणि काठावर हजारभर माणूस आ वासून बघतंय. असली शर्यत कुणी पाहिली नसेल. भगवानरावांना आधी काही उमगेना. ते वर्णनच करत होते. “बंधूंनो, आता आपन… आता आपन थांबलोय.” मग त्यांनी सुरजकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि रागानं ताडकन उठून उभे राहिले.

“कावून थांबलास? हाण की!”

आता, आमच्या तालुक्यात भगवानराव उभे राहिले की कुणी बसून राहत नाही. पाचही कार्यकर्ते उभे राहिले. आणि खोटं कशाला सांगू, तानाजी, अजिनाथ आणि मी, आम्हीही उभे राहिलो. सत्तावीस वर्षं संस्थेच्या माणसांसमोर उठून उभा राहतोय, ती सवय पायात असते, डोक्यात नसते. नुसतं उभं राहून भागलं असतं, पण आम्ही मान देण्यासाठी त्यांच्या बाजूला जरा वाकलोही. त्यांची नाव आमच्याकडं कलली, आमची त्यांच्याकडं. मांडवाचा खांब मोडला. सुरज आणि पाचही कार्यकर्ते गुलाबी शिडाखाली गेले, तानाजी आणि अजिनाथ पलीकडं पडले, आणि भगवानराव हवेतून माझ्या अंगावर आले.

मी पाण्याखाली गेलो. नाकातोंडात पाणी गेलं. आता संपलं, असं वाटलं. डोळ्यांपुढं संस्कृती आली. तेवढ्यात पायाला चिखल लागला. मी उभा राहिलो. पाणी माझ्या छातीइतकं होतं.

भगवानरावांनी माझ्या गळ्याला मिठी मारली होती. डोळे गच्च मिटलेले, गुडघे पोटाशी घेतलेले. पाय खाली सोडले असते तर तेही उभे राहिले असते. मी प्रामाणिक मास्तर आहे, मी तसं सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या कानाचा माईक अजून चालू होता आणि चारी कर्ण्यांतून आवाज घुमला, “सर, सोडू नका! सर! ओ सर!”

मला फार लागलं ते. माणूस मरणाच्या दारात आहे आणि अजून सरच? चार महिन्यांचा चहा माझ्या घशाशी आला. दारातली सत्यशीला आठवली, हळूच विचारणारी पोरगी आठवली. मग मला काय झालं ते सांगता येत नाही. मी सावकाश गुडघ्यात वाकलो. पाणी हनुवटीला लागलं.

शेजारी हरिबा उभा होता. तो पडला नव्हता, आपणहून उतरला होता, डोक्यावरची घोंगडी तशीच कोरडी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, भगवानरावांकडं पाहिलं, मग माझ्या हनुवटीकडं पाहिलं. आणि तोही हळूहळू खाली बसत हनुवटीपर्यंत पाण्यात गेला.

“भगवानराव,” मी म्हणालो, “मला पोहता येत नाही.” हे अगदी खरं होतं.

“आरं द्येवा!” त्यांची मिठी आणखी आवळली. “आसं नका करू! सोडू नका मला! ओ सर… ओ व्याही! व्याही, सोडू नका! व्याहीऽऽ!”

चारी काठांवरून तो शब्द आला. बांधावरून परत फिरून पुन्हा एकदा आला. काठावरचा सगळा गलका थांबला. मग कुणीतरी हलगीवर टिपरू टाकलं आणि एकदम जल्लोष उठला.

मी उभा राहिलो. भगवानरावांना लेकरासारखं कडेवर घेतलं आणि काठाकडं चालायला लागलो. दहा पावलांवर त्यांनी डोळे उघडले. पाय खाली टेकवून बघितले. पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“हितं उथळ हाय का?”

“इथून जरा उथळच आहे,” मी म्हणालो.

काठाशी सत्यशीला गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. हातात चहाच्या हॉटेलातला साखरेचा आख्खा डबा. भगवानरावांना काही सुचायच्या आत तिनं मूठभर साखर त्यांच्या तोंडात घातली. ते बोलू शकत नव्हते. समोर हजार माणसं मोबाइल वर करून उभी. त्यांनी साखर गिळली, कुर्ता पिळला, गर्दीकडं एकवार बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

“बंधूंनो,” ते म्हणाले, “ही घोषना मी आजच्या शुभदिवशी करनारच हुतो.”

टाळ्यांच्या गजरात सुरज गुलाबी झालर अंगावर घेऊन पाण्यातून बाहेर आला. संस्कृती हसत होती आणि रडतही होती. मी पण रडलो. भिजलेलो असल्यामुळं ते कुणाला कळलं नाही.

राहिला निकाल. आम्ही सगळे पाण्यात उतरल्यामुळं हलकी झालेली आमची नाव, मोडक्या खांबासकट, एकटीच तरंगत दोरीखालून निघून गेली होती. आमच्यातलं कुणी नावेत नसताना ती इतकी सरळ पहिल्यांदाच गेली. ढाल कड्याला मिळाली.

त्या दिवशी दारात सत्यशीलानं काही विचारलं नाही. लग्न वैशाखात ठरलंय, मंडप तानाजीचा, छताचं कापड तेच.

काल हरिबाला पत्रिका द्यायला तलावावर गेलो होतो. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि घोंगडीत खोचली. मग गालातल्या गालात हसत म्हणाला, “सर, अक्षता पडल्या की सांगूया का आता त्यास्नी, तितं पानी किती हुतं ते?”

मी तलावाकडं पाहिलं. पाणी आता आणखी खाली गेलं होतं.

“बघू,” मी म्हणालो.